घुगे सरांनी पाहिलेली स्थळं

घुगे सर कुठल्याही नव्या जागी गेले की आधी पाणी मागायचे. तहान असो वा नसो. हातात आलेला पेला उजेडाकडे धरून बघायचे, एक घोट तोंडात घोळवायचे आणि मगच पुढचं बोलणं. दिंद्रुडच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक उंच, काळासावळा, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस माठातलं पाणी असं चाखत उभा होता. मला वाटलं, पाणीपुरवठ्याचे कुणी तपासायला आले असतील. शिपाई म्हणाला, "आपले पीटीचे घुगे सर हायेत. रोज ह्याच माठातलं पितेत आन् रोज असंच बघतेत."

फुटबॉल आमच्या शाळेत चुकून आला. सरांनी मागवले होते व्हॉलीबॉल, पोत्यातून निघाले फुटबॉल. परत करायचे तर अर्ज करावा लागणार, अर्ज केला की चौकशी, आणि चौकशी लागली की कागदावर येऊन पोचलेल्या पण कुणीच न पाहिलेल्या कॅरम बोर्डांचा विषय निघणार. मुख्याध्यापकांनी शांतपणे ठरवून टाकलं की आपण फुटबॉलच मागवले होते. मुलं क्रिकेट सोडायला तयार नव्हती, म्हणून फुटबॉल मुलींच्या वाट्याला गेला. आमच्याकडे मुलींच्या वाट्याला बऱ्याच गोष्टी याच वाटेने येतात.

सर मूळचे कबड्डीचे. फुटबॉलच्या नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि इंग्रजीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर होत्या, तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं. मी अडखळत वाचायची, सर मान डोलवायचे. ऑफसाइड आम्हा दोघांनाही तीनदा वाचून कळला नाही. "राहू द्या मॅडम, रेफ्रीला कळतंय म्हंजे झालं," असं म्हणून सरांनी ते पान उलटलं. शिवाय मुलींच्या संघाबरोबर एक महिला शिक्षक हवी असा नियम होता. त्या नियमाची पूर्तता म्हणजे मी. पुढची पाच वर्षं मी हातात डबा आणि मांडीवर तपासायच्या वह्या घेऊन मैदानांच्या कडेला बसले.

पहिला सामना माजलगावला झाला. सामना सुरू होऊन थोडा वेळ गेला असेल. समोरच्या संघाची एक मुलगी चेंडू घेऊन सुसाट आली, तशी आमच्या आठवीतल्या सविताने झेप घेऊन तिचा घोटा दोन्ही हातांनी पकडला आणि "कबड्डी, कबड्डी" संपेपर्यंत धरावा तसा धरून ठेवला. रेफ्रीने लाल कार्ड काढलं. सर तावातावाने मैदानात गेले.

"पकड एकदम नियमात हाय!"

"कुठल्या नियमात, सर?" रेफ्रीने विचारलं.

 सर खाली बघत म्हणाले, "कबड्डीच्या."

येताना बसमध्ये सगळ्या मुली सविताला चिडवत होत्या. सर मात्र माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, पोरगी चुकली. पण झेप पाहिली का? ही बॅक होणार." पोरगी झालीही बॅक. अकरावीला येईपर्यंत तिला चुकवून पुढे जाणारी मुलगी तालुक्यात उरली नव्हती आणि आमच्या शाळेने तालुका जिंकला होता.

तालुका जिंकला आणि मग स्थळं यायला लागली. हा शब्द सरांचा. सगळीकडे मुलींच्या फुटबॉलच्या लीग उगवल्या होत्या. जो तो रंगीत पत्रक पाठवायचा. कुणी 'विदेश दौऱ्याची सुवर्णसंधी' लिहायचा, कुणी 'राष्ट्रीय दर्जाचं प्रमाणपत्र', तर कुणी 'प्रत्येक खेळाडूस ट्रॅकसूट व चषक'. सर ती सगळी पत्रकं एका पिशवीत ठेवायचे. पिशवी बस्त्याच्या दुकानातली होती, तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह' छापलेलं. ती बगलेत मारून सर निघाले की लोक विचारायचे, "कुणाचं जमवायला निघाले, सर?" सर म्हणायचे, "अकरा पोरींचं."

आणि ते खरोखरच स्थळ बघायला जावं तसे जायचे. आधी कळवायचं नाही. कळवलं की लोक सारवून ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. पोचल्यावर पाणी मागायचं. मग मला सांगायचे, "मॅडम, तुमी मागं जाऊन पहा, पोरींसाठी संडास हाय का. हाय तर आतून कडी लागती का." आणि सगळ्यात शेवटी, हरलेल्या संघाची जी मुलगी बेंचवर बसलेली असेल तिच्याजवळ उकिडवं बसून विचारायचं, "बेटा, तुला किती वेळ खेळवलं?" जिंकलेल्यांशी ते बोलायचेच नाहीत. "जिंकलेलं घर सगळ्यांलाच चांगलं दिसतंय," ते म्हणायचे. "धाकट्या सुनेला विचारावं, घर कसं हाय ते."

मी हसायची. पण त्या वर्षी हसण्यावर नेण्यासारखी गोष्ट नव्हती. सविता बारावीत आली होती. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाव सोडायचं आणि उन्हाळा लागता लागता परतायचं. सविता चुलतीकडे राहून शिकली होती. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. एकट्या माणसाचा अर्धाच कोयता, म्हणून पोरगं हाताशी आलं की घरचे त्याची जोडी पूर्ण करायच्या मागे लागतात. सविताची बारावी संपली की ती कुणाच्यातरी कोयत्याचा उरलेला अर्धा भाग होणार, हे सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. एकच फट होती. एखाद्या मोठ्या कॉलेजने तिला खेळावर घेतलं तर वसतिगृह मिळणार होतं. वसतिगृह मिळालं तर बापाला सांगायला काहीतरी होतं. आणि कॉलेजवाल्यांच्या नजरेस पडायचं तर ज्या लीगला ते येतात तीच लीग खेळायला हवी होती. संघ एक, रविवार तेवढेच, म्हणजे लीग एकच निवडायची.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णा. अण्णांना आडनाव होतं, पण ते फक्त बॅनरवर लागायचं. त्यांच्या भाच्याने 'क्वीन्स सुपर लीग' नावाची लीग काढली होती. अण्णांनी शाळेत निरोप पाठवला की आपल्या पोरी तिथेच खेळतील. सर म्हणाले, "बघून येतो." निरोप्याला कळेना की ठरलेल्यात बघायचं काय.

आम्ही न सांगता गेलो. मैदानावर कमान होती, ढोल होते, वर ड्रोन घिरट्या घालत होता. उद्घाटनाचा प्रदर्शनी सामना सकाळी दहाचा. प्रमुख पाहुणे एकला आले. मग सत्कार. पाहुण्यांनी अण्णांच्या भाच्याचा सत्कार केला, भाच्याने पाहुण्यांचा, आणि उरलेल्या शाली वाया जाऊ नयेत म्हणून रेफ्रीचाही झाला. तोवर दोन्ही संघांच्या मुली उन्हात रांगेत उभ्या. एकीला चक्कर आली, तिला सावलीत नेलं, तेही ड्रोनने टिपलं. पाहुण्यांना पुढे एका बारशाला जायचं होतं, म्हणून सामना सात-सात मिनिटांचा झाला. गोल कुणी केला हे मला कळलं नाही, कारण गोल पाहुण्यांच्या भाषणाच्या उरलेल्या भागात झाला.

सरांनी पाणी मागितलं. थंडगार बाटली आली, तिच्यावर भाच्याचा फोटो. "पोरी कुठलं पाणी पितेत?" सरांनी विचारलं. स्वयंसेवकाने टँकरकडे बोट केलं. टँकरचं पाणी सरांनी हातावर घेतलं आणि ओतून दिलं. मी मागे गेले होते. नवाकोरा संडास होता, त्याला कुलूप होतं आणि किल्ली पाहुण्यांच्या पीएकडे होती. बेंचवरच्या मुलीला सरांनी वेळ विचारला. ती म्हणाली, "मला न्हाई खेळवलं सर, पण मला मेडल दिलं." तिने दाखवलंही.

एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले. त्या लीगच्या प्रमाणपत्राचा नमुना त्यांनी पिशवीत घातला आणि संभाजीनगरला जाऊन एका कॉलेजच्या क्रीडासंचालकांना दाखवला. "हे तुमच्याकडं चालतं का?" संचालकांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "भिंतीला चालतं." मग सरांनी विचारलं, मग तुम्ही पोरी बघायला कुठं जाता? त्यांनी सांगितलं, अंबाजोगाईला.

अंबाजोगाईच्या लीगचं पत्रक नव्हतंच. एका साध्या कागदावर वेळापत्रक होतं, तेही हाताने लिहिलेलं. सामने दर रविवारी, दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास संपणारे. आम्ही गेलो तेव्हा त्याआधीचे सराव सामने चालले होते. कमान नाही, पाहुणे नाहीत. पाणी बोअरचं, जरा मचूळ, पण रेफ्रीही तेच पीत होता. संडासाचं दार तिरकं होतं, पण कडी आतून लागत होती. आणि प्रत्येक मुलीला प्रत्येक सामन्यात खेळवायचंच, असा तिथला नियम होता. बेंचवरची मुलगी घामाने थबथबली होती. एकच अडचण होती. तिथे येणारे संघ आमच्यापेक्षा इतके भारी होते की आमची धूळधाण उडणार हे मलासुद्धा दिसत होतं.

"म्हणूनच," सर म्हणाले.

"म्हणूनच काय? सर, आपण हरू."

"मॅडम, सविता बॅक हाय. आपण जिंकत राहिलो तर चेंडू तिकडं समोरच्यांच्या गोलपाशी. ही इकडं उभी राहून कावळे मोजणार. हिचं काम दिसायचं तर चेंडू हिच्याकडं आला पाहिजे. हरणाऱ्या संघाच्या बॅकएवढं काम कुणालाच नसतंय."

मी पाच वर्षं मैदानाच्या कडेला बसले होते. फुटबॉल मला त्या दिवशी कळला.

अण्णांनी सरांना बोलावून घेतलं. महिला शिक्षक म्हणून मीही गेले, तिथे तशी गरज नव्हती तरी. टेबलावर बॅनर पसरलेला होता. त्यावर अण्णांचा फोटो पुरुषभर उंचीचा, भाच्याचा कमरेएवढा, आणि तळाशी अकरा मुली, प्रत्येकी शेंगदाण्याएवढी.

"घुगे, बॅनर छापून झालंय. आन् तुमी म्हणता आपली शाळा न्हाई खेळणार. लोक काय म्हणतील?"

"अण्णा, बॅनर राहू द्या. बॅनर खेळंल लीगमधी. पोरी अंबाजोगाईला जातील."

अण्णा हसले नाहीत. त्या दिवसापासून शाळेची जीप नादुरुस्त झाली. रविवारची बदली सुट्टी बंद झाली. क्वीन्स सुपर लीगला अण्णांनी दुसऱ्या शाखेतला मुलींचा खो-खोचा संघ पाठवला. दोनच संघ आले होते, त्यामुळे तो उपविजेता ठरला. तो चषक अजून संस्थेच्या कार्यालयात आहे. तो आत घेण्यासाठी दार काढावं लागलं होतं.

आम्ही एसटीने जायला लागलो. धारूरच्या घाटात अर्ध्या मुलींना उलट्या व्हायच्या, सर खिडक्या उघडत फिरायचे. पहिल्या रविवारी आम्ही नऊ गोल खाल्ले. एकही केला नाही. संपूर्ण संघ मान खाली घालून बसला. सर म्हणाले, "झालं? पोट भरलं? आता पुढच्या येळी जरा कमी जेवा." गावात मात्र चेष्टेला ऊत आला. अण्णा चारचौघांत म्हणाले, "हरायला अंबाजोगाईला कशाला जायचं? हितंच हरवलं असतं की पोरींला, तिकिटाबिगर." मी चिडले. सर म्हणाले, "बरोबर बोलायलेत ते. पण हितं बघायला कोण आलं असतं?"

पुढच्या वेळी सात खाल्ले, मग पाच. संक्रांतीनंतरच्या एका सामन्यात एकच. त्या दिवशी चेंडू जवळजवळ पूर्ण वेळ आमच्याच बाजूला होता आणि सविता एकटी भिंतीसारखी उभी होती. पडायची, उठायची, पुन्हा आडवी जायची. गुडघे सोलवटून निघाले. सर गळ्यातली शिट्टी दातात धरून बसले होते. मैदानाच्या पलीकडे तेच संभाजीनगरचे क्रीडासंचालक उन्हाची टोपी घालून उभे होते. सामना संपल्यावर ते जिंकलेल्या संघाच्या बाजूने चालत निघाले आणि त्यांना ओलांडून आमच्याकडे आले.

होळीपर्यंत निरोप आला. सविताला बारावीनंतर खेळावर प्रवेश, राहायला वसतिगृह. दुसऱ्या दिवशी गावात बॅनर लागला, 'अण्णांच्या अनमोल मार्गदर्शनाचे यश'. सविताचा फोटो या वेळी पेरूएवढा होता. कौतुक म्हणून अण्णांनी माझी तलवाड्याच्या शाखेत बदली केली, जूनपासून.

आणि पाडव्याला सविताचे वडील दत्तोबा कारखान्यावरून परतले ते तिचं लग्न ठरवूनच.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. दत्तोबा वाईट माणूस नाही. सरांना बघून उठून उभा राहिला, आमच्यासाठी सतरंजी अंथरली. म्हणाला, "सर, तुमचं लई उपकार हाय. पण तुमी लीग पाहिली तसंच आमी पोरगं पाहिलंय. चांगलं हाय. हातचं जाऊ द्यायचं न्हाई." सविता चुलीजवळ पाठ करून बसली होती, हालचाल नाही. मला वाटलं, आता सर कायद्याचं बोलतील, शिक्षणाचं बोलतील. मी स्वतः तर एक भाषण तयार ठेवलं होतं. सरांनी पाणी मागितलं. प्यायले. मग विचारलं,

"पोराचं घर पाहिलं का, दत्तोबा?"

"घर न्हाई. कारखान्यावर मुकादमाच्या खोपीत बसून बोलणं झालं."

"त्यांच्या घरचं पाणी पिलात?"

"चहा पिलो."

"चहात कळत न्हाई."

सरांनी पेला खाली ठेवला.

"संडास हाय का? कडी लागती का? आन् घरात दुसरी सून हाय का? असंल तर तिला कुणी विचारलं का, कसं चाललंय?" सर अगदी हळू बोलत होते. "लीगला आमी चार ठिकाणी हिंडलो. ती तर एका हिवाळ्यापुरती होती."

दत्तोबाने तो पेला उचलून चुलीजवळ नेऊन ठेवला. म्हणाला, "बघून येतो." तो न सांगता गेला. दोन दिवसांनी सकाळी शाळेच्या फाटकात उभा. सर बाहेर आले. दत्तोबा एवढंच म्हणाला, "जमत न्हाई, सर." काय पाहिलं ते त्याने सांगितलं नाही, आणि सरांनीही विचारलं नाही. मी वर्गात जाऊन मुलांना शुद्धलेखन घातलं आणि पाठ फळ्याकडे करून रडून घेतलं.

सर मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभाला अण्णा आले नाहीत, शाल मात्र आली. मला वाटलं, सगळं मार्गी लागलं. जूनमध्ये तलवाड्याला निघायची बांधाबांध करत होते, तेवढ्यात सर दारात. बगलेत 'शुभविवाह'.

"मॅडम, संभाजीनगरला यायचं."

"आता कशाला? प्रवेश तर झाला."

"त्यांनी आपली पोरगी पाहिली, पसंत केली. आपण त्यांचं घर कुठं पाहिलंय?"

एसटीत सर खिडकीशी बसले होते. गेवराई मागे पडल्यावर आपणहून बोलायला लागले. "थोरल्या बहिणीला दिलं तवा आमच्या बापानं तिथं चहाच पिला होता, मॅडम. बासुंदीसारखा चहा. नंतर कळलं, पाणी दीड कोसावरून आणायचं. मी लहान असताना तिला भेटायला गेलतो, तर ती वाटंतच भेटली, डोक्यावर हंडा. दोन घटका बोलली, गेली. पुढच्या खेपेला परत वाटंतच." त्यांनी खिडकीची काच खाली ओढली. "तिचं सगळं आयुष्यच त्या वाटंवर गेलं." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून पेरू काढला, अर्धा मला दिला आणि वेरूळला जाणारी बस वेगळी लागते का ते कंडक्टरला उगाच विचारत बसले.

वसतिगृहाच्या फाटकावर रखवालदाराने सरांना अडवलं. मुलींचं वसतिगृह, पुरुषांना बंदी. पिशवीकडे बघून तो म्हणाला, "कुणाच्या लग्नाचं हाय का? पोरीला भेटायचं तर रविवारी या." सरांनी वाद घातला नाही. माझ्याकडे वळले. इतकी वर्षं मी त्यांच्या संघातला एक नियम होते, त्या दिवशी ते मला काकुळतीने म्हणाले, "मॅडम, तुमी जा. नीट पहा. गडबड करू नका."

मी गेले. नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायले. चारही संडासांत शिरून स्वतः कड्या लावून पाहिल्या. मैदानावर मुली सराव करत होत्या, कडेला एक बुटकी मुलगी बुटाची नाडी बांधत बसली होती. तिच्याजवळ मी उकिडवी बसले, साडीचा घोळ सांभाळत, आणि विचारलं.

बाहेर आले तर सर फाटकाच्या लोखंडी गजाला धरून उभे होते. काही विचारेनात. मला कळलं, हा माणूस घाबरलाय.

"पाणी गोड आहे, सर. कड्या आतून लागतात, मी लावून पाहिल्या."

"आन् बेंचवरची?"

"परवाच्या सामन्यात अर्धा वेळ खेळवलं तिला. गोलही केलाय म्हणाली."

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग द्यायची पोरगी." 

त्यानंतर मी तलवाड्याला गेले आणि सरांची भेट झाली नाही. डोळ्यांसमोर आहे ते एवढंच. फाटकापाशी रखवालदाराचा माठ होता, त्यावर एक ॲल्युमिनियमचा पेला उपडा. सरांनी तो बुडवून भरला, उजेडाकडे धरला नाही, घोट घोळवला नाही. सरळ तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. मग दुसरा भरला. पाच वर्षांत मी त्यांना तहान लागलेली पहिल्यांदाच पाहत होते.